चहाचा भोंगा

जिनिंगमध्ये नोकरीला लागले त्या दिवशी मला खुर्ची दाखवायच्या आधी दार दाखवलं गेलं. हाकलून नव्हे, खरोखरचं दार. बाभुळगावहून एसटीने आले होते. पायात नवी चप्पल, हातात बी.कॉम.ची मार्कशीट, आणि ऑफिसच्या पायरीवर एक बुटका, टक्कल पडलेला माणूस उभा. खाकी शर्टाच्या खिशात टेस्टर, पायजम्याला सायकलची क्लिप. त्याने मार्कशीटकडे बघितलंसुद्धा नाही.

"हजेरीवाली नवी तूच काय? चाल माह्यासंगं."

मला वाटलं मॅनेजरकडे नेतोय. नेलं थेट रेच्यांच्या शेडमध्ये. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. दोन्ही बाजूंना रेच्यांच्या रांगा, मधे चालायला वाट, रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या बाया डोक्यापासून नाकापर्यंत पदर गुंडाळून उभ्या, आणि आवाज असा की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये. त्याने मला वाटेच्या मधोमध उभं केलं आणि कानाशी तोंड आणून ओरडला, "डोळे मीट. आता पूर्वेच्या दारातून बाहेर जाऊन दाखव!"

"काहून?"

"काहून म्हंजे? आग लागली!"

नवी नोकरी, काय करणार! मिटले डोळे. दोनदा भिंतीला धडकले, एकदा एका बाईच्या टोपल्यात पाय गेला, बाया खिदळल्या. बाहेर कडुनिंबाखाली पोचले तेव्हा नव्या चपलेचा अंगठा तुटला होता. तो शांतपणे मागून आला आणि म्हणाला, "मेली असती. उद्या पुन्हा. कोनतीबी इमारत असो पोरी, आधी जायचं कसं ते पाह्यचं, मंग बसायचं."

हे वसंतराव मुनेश्वर. जिनिंगचे वायरमन. पण वायरमन म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "मी फायरचा मानूस हावो," म्हणायचे. नागपूरच्या फायर ब्रिगेडात होतो असंही छातीठोक सांगायचे. पुढे कळलं की फायर ब्रिगेडच्या ऑफिसात वायरिंगचं काम करणाऱ्या ठेकेदाराकडे ते दोन महिने होते. मी एकदा तोंडावर म्हटलं, तर म्हणाले, "मंग? आतच होतो ना? बाहेर होतो काय?" आम्ही ऑफिसातले त्यांना काकाजी म्हणायचो. बाया म्हणायच्या भोंगेवाले भाऊ.

भोंगा हे त्यांचं दैवत. शेडच्या पत्र्याखाली उंचावर एक लाल कर्णा, आणि त्याची बटणं चार ठिकाणी भिंतीवर, काचेच्या डबीत. आग दिसली की काच फोडायची, बटण दाबायचं. विम्याच्या अटीत होतं म्हणून शेठने बसवून घेतलेला. सगळ्या जिनिंगला तो शोभेचा वाटे, एकट्या काकाजींना तो कामाचा वाटे. तशाच दारांवरच्या आणीबाणीच्या बॅटऱ्या. वीज गेली की आपोआप लागणारे दोन डोळ्यांचे दिवे. जिनिंगमध्ये रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, भुकटी उडून राहते, संध्याकाळपर्यंत सगळं पांढरं. काकाजी रोज सकाळी बांबूला जुनं धोतर गुंडाळून भोंग्याचं तोंड आणि दिवे पुसायचे. मग बांबूच्या टोकानेच प्रत्येक दिव्याचं तपासणीचं बटण दाबायचे. लागला की म्हणायचे, "जागा हाये." नाही लागला तर, "झोपला लेकाचा." हेच माप ते माणसांनाही लावायचे. मॅनेजर त्यांच्या मते कायमचा झोपलेला होता. माझ्याबद्दल पहिले सहा महिने मत राखून ठेवलं होतं.

दीक्षाभूमीला दरवर्षी जायचे तर घरच्यांना आधी सगळी गेटं दाखवून आणायचे. बायको म्हणायची, वंदना राहिली बाजूला, हे गेट दाखवून राह्यले. सिनेमाला जाणं त्यांनी सोडलंच होतं. यवतमाळच्या एका टॉकीजमध्ये बाहेर जायच्या दारापुढे समोशांचा ठेला बघून त्यांनी इंटरव्हलमध्ये असा काही दंगा केला की उरलेला सिनेमा त्यांना फुटपाथवरूनच ऐकावा लागला.

ते दिवस लोडशेडिंगचे. वीज यायची ती पाहुण्यासारखी, आणि कधी उठून जाईल नेम नाही. त्यामुळे त्या आणीबाणीच्या दिव्यांवर सगळ्यांचा डोळा. मॅनेजर बिलं लिहायला एक उतरवून टेबलावर ठेवायचा. वजनकाट्यावरचा माणूस पत्ते खेळायला न्यायचा. एकदा तर मुनीमजींनी पश्चिमेच्या दारावरचा दिवा चक्क घरी नेला, मुलगा दहावीला होता म्हणून. काकाजी संध्याकाळी सायकल मारत त्यांच्या घरी गेले आणि अभ्यास करणाऱ्या पोराच्या पुढ्यातून दिवा उचलून आणला. मुनीमजींची बायको रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी आख्खं ऑफिस काकाजींवर तुटून पडलं. मीही बोलले. म्हटलं, "काकाजी, लेकराच्या शिक्षणापरीस दिवा मोठा काय?"

"अभ्यास कंदिलावर होते," ते म्हणाले. "मी कंदिलावरच शिकलो. पन कंदील घेऊन कापसातून पळता येते काय? सांग तू. बी.कॉम. हायेस ना?"

राग आला. असा माणूस. गोड बोलायचं नाही, कुणाचं मन राखायचं नाही. एकाच बाईपुढे मात्र ते नमायचे, आणि तिथेच सगळा घात झाला.

ती जमनीबाई. राळेगावकडच्या एका तांड्यावरची. बरोबरच्या पोरी तिला याडी म्हणायच्या, म्हणजे आई. उंच, काळीसावळी, हातभर पांढऱ्या बांगड्या, आणि आवाज असा खणखणीत की रेचे चालू असतानाही तिचं बोलणं ऐकू यायचं. घरचं वावर होतं तिला. पण ती वर्षं तुम्हाला ठाऊक आहेत. सरकारी खरेदी आज सुरू, उद्या बंद. कापसाच्या गाड्या रस्त्यावर रात्र काढायच्या. रोज पेपर उघडायची भीती वाटायची, कोणत्या गावचं कोण गेलं म्हणून. जमनीबाईच्या वावरातला कापूस आमच्याच फाटकातून आत आला, पडेल त्या भावाने विकला गेला, आणि तोच कापूस रेच्यावर टाकायला ती आमच्याच जिनिंगमध्ये रोजाने उभी राहिली. "माह्या पोरीले सासरी पोचवून राह्यली," असं म्हणून हसायची ती कापूस टाकताना. मला नाही हसू यायचं.

आता मुद्द्याचं सांगते. काकाजी दर सोमवारी भोंग्याची चाचणी घ्यायचे. रेचे बंद, भोंगा सुरू, आणि सगळ्यांनी पूर्वेच्या दारातून कडुनिंबाखाली जमायचं. पूर्वेलाच का, तर तिकडे मोकळं आवार आणि फाटक. पश्चिमेलाही दार होतं, पण त्याच्या पुढे कच्च्या कापसाच्या गंज्या, घराएवढ्या उंच, आणि त्यांच्यामधून एक बोळ. बोळाच्या शेवटी चहाची टपरी. काकाजी घसा फोडून सांगायचे, "आग लागली का पश्चिमेकडे पाहाचंबी नाई. तिकडे सारा कापूसच हाये. कडुनिंबाखाली या."

बाया यायच्या, पण शिव्या देत. कारण चाचणीत गेलेला वेळ बाया पुरवणारा ठेकेदार रोजीतून कापायचा. काम थांबलं म्हणजे रोजी थांबली, हा त्याचा कायदा. एका सोमवारी जमनीबाई कडुनिंबाखाली कमरेवर हात ठेवून काकाजींपुढे उभी राहिली.

"भाऊ, तुमी आमाले आगीतून वाचवून राह्यले का उपाशी मारून राह्यले?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय! ह्या भोंग्यापायी हाजरी कापते तो मेला. आग लागन तेव्हा लागन. पोट रोजच पेटते ना, वो?"

बायांनी माना डोलावल्या. इतरांना फाडकन बोलणारा माणूस, तिच्यापुढे टकलावरून नुसता हात फिरवत राहिला. ठेकेदाराकडे गेले, त्याने हाकललं. मॅनेजरकडे गेले, तो म्हणाला, हा ठेकेदाराचा प्रश्न. दोन दिवस स्वतःशीच पुटपुटत फिरले आणि तिसऱ्या दिवशी तोडगा काढला. चाचणी चहाच्या सुट्टीत घ्यायची. तेव्हा काम तसंही थांबतं, हजेरी कापायचा प्रश्न नाही. भोंगा वाजला की रेचे बंद, बायांनी आधी कडुनिंबाखाली यायचं, मग वळसा घालून टपरीवर जायचं.

बाया खूश झाल्या. जमनीबाई म्हणाली, "भल्ले शाने हा भाऊ तुमी." काकाजींचा चेहरा मी बघितला. फायर ब्रिगेडच्या गोष्टी सांगतानाही तो कधी इतका फुलला नव्हता.

आणि हे मॅनेजरच्या नजरेत भरलं. आमच्याकडे चहाची वेळ झाली हे बायांना सांगायचं म्हणजे डोकेदुखी होती. मुकादम ओरडून मरायचा, अर्ध्या बायांना ऐकू जायचं नाही, कोणी लवकर उठे, कोणी उशिरा. सोमवारी मात्र भोंग्याबरोबर सगळं कसं झटक्यात व्हायचं. मॅनेजरने काकाजींना बोलावून घेतलं.

"मुनेश्वर, हा भोंगा रोजच वाजवत जा की चहाला. तुमची रोज टेस्ट होईल, आमचं रोज काम होईल."

माणूस कितीही जागा असला तरी कधीतरी डुलकी लागतेच. रोज चाचणी! भोंगेवाल्याला आणखी काय हवं? काकाजींनी आनंदाने मान हलवली. आठ दिवस छाती काढून फिरले. "अख्ख्या जिल्ह्यात असा भोंगा नाई. रोज वाजते, आन रोज लोक उठते."

उठायचे, हे खरंच. पण कडुनिंबाखाली कोण येणार? सोमवारच्या सोमवारी वळसा घालणं निराळं, रोज कोण घालतं! पश्चिमेचं दार टपरीला जवळ. भोंगा वाजला की बाया खिळ्याला अडकवलेले आपापले स्टीलचे गिलास काढायच्या आणि पश्चिमेच्या दाराने बोळातून टपरीकडे. सगळ्यांत पुढे जमनीबाई. पहिला चहा दाट असतो, असं तिचं म्हणणं.

काकाजींच्या हे महिन्याभरात ध्यानात आलं. त्या दिवशी ते ऑफिसात येऊन माझ्या टेबलापुढे बसले, पाणी मागितलं आणि प्यायलेच नाहीत.

"पोरी, मी चूक केली वो."

"काय झालं, काकाजी?"

"मी त्याइले पळायले नाई शिकवलं. मी त्याइले चहाले जायले शिकवलं."

मग सुरू झाली त्यांची धडपड. आधी त्यांनी भोंग्याचे दोन प्रकार केले. लांब वाजला तर चहा, तुटक वाजला तर आग. बायांपुढे उभं राहून तोंडाने करून दाखवायचे. गाल फुगवून लांबलचक "भोंऽऽऽ", आणि मग छाती आपटत "भों! भों! भों!" बाया हसून हसून लोळायच्या. जमनीबाई तर त्यांची हुबेहूब नक्कल करायची, टकलावरून हात फिरवण्यासकट. पण रेच्यांच्या घरघरीत लांब काय आणि तुटक काय! पहिला सूर कानावर पडला की हात गिलासाकडे जायचा. त्यात निम्म्या बाया दर आठवड्याला नव्या. ज्यांना शिकवलं त्या गेल्या, ज्या आल्या त्या जुन्यांच्या मागे चालायला शिकल्या.

मग भंगारातून रुळाचा एक तुकडा आणला, शेडमध्ये टांगला, चहाला त्यावर टोले द्यायचे ठरवलं. दोन दिवस टोले दिले. कुणी ऐकले नाहीत, चहा निवला, बाया वैतागल्या, मॅनेजर खवळला. पुन्हा भोंगा.

शेवटी त्यांनी एकच धोशा लावला. भोंगा राहू द्या, बाया राहू द्या, टपरीच पूर्वेला आणा. कडुनिंबाखाली. मी तेव्हा बिलं घेऊन मॅनेजरच्या खोलीतच होते.

"साहेब, मानसाचं काय हाये, तो दाराकडे पळत नाई. रोज जिकडे जाते तिकडे पळते. चहा कडुनिंबाखाली ठेवा. मंग भोंगा चहाचा वाजो का आगीचा, बाया तिकडेच येतीन. माह्यं दुसरं काईच मागनं नाई."

"फाटकात चहाची टपरी? व्यापारी येतात, विम्याचे लोक येतात. पन्नास बाया गिलास घेऊन फाटकात बसलेल्या बऱ्या दिसतात का?"

"दिसाले काय होते, साहेब?"

"पुढच्या सीझनला पाहू."

काकाजींनी हे निदान दहा वेळा तरी मागितलं असेल. एकदा स्वतःच टपरीवाल्याला पटवून त्याचा स्टोव्ह उचलून कडुनिंबाखाली आणला. मॅनेजरने गुरख्याकरवी तो परत नेववला. शेवटी शेठ आले तेव्हा काकाजी त्यांच्या गाडीपुढेच जाऊन उभे राहिले. शेठ भला माणूस, हसून म्हणाला, "मुनेश्वर, पुढच्या सीझनला नक्की."

सीझन संपायलाच आला होता. होळी तोंडावर. दुपारी जेवण करून मी ऑफिसच्या खिडकीशी बसले होते. त्या खिडकीतून पूर्वेचं दार आणि कडुनिंब समोर दिसायचा. भोंगा वाजला. तुटक. भों, भों, भों. काकाजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकला होता की मी अंगावर पाल पडल्यासारखी उठले. धावत बाहेर आले. आता दारातून बाया येतील म्हणून बघत राहिले.

दारातून कोणी येईना.

कापसाच्या गाठी बांधणारे तीन-चार बाप्ये तेवढे धावत आले. आणि माझ्या शेजारी मॅनेजर येऊन उभा राहिला, घड्याळ बघत. म्हणाला, "आज चहा लवकर कसा काय?"

आजही हे वाक्य आठवलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

आत काय झालं ते नंतर वाचलेल्या बायांनी सांगितलं. कापसातून खडा आला असावा, रेच्यात ठिणगी उडाली, भुकटीने पेट घेतला. काकाजींनी बघितलं, टेस्टरच्या मुठीने काच फोडली, बटण दाबलं. पलीकडच्या रांगेतल्या बायांना जाळ दिसलाच नव्हता. त्यांना फक्त भोंगा ऐकू आला. कुणीतरी म्हणालं, "आज लवकर वाजला वो." खिळ्यावरचे गिलास निघाले. काकाजी ओरडत होते, पण रेच्यांपुढे त्यांचा आवाज तो काय! म्हणून त्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. रेचे थांबले, रोज चहाला थांबायचे तसेच, शेडमध्ये अंधार झाला, आणि दारांवरचे दिवे लागले. सगळे. एकही झोपलेला नव्हता. रोज पुसलेले, रोज तपासलेले ते दिवे लख्ख लागले, आणि बाया पूर्वेच्या दिव्यांकडे पाठ करून निघाल्या होत्या.

धूर दिसला तेव्हा त्यांना कळलं. तोवर पुढच्या बाया बोळात शिरल्या होत्या आणि जाळ पत्र्याखालून गंजीवर उतरला होता. जमनीबाई सगळ्यांत पुढे. तिनेच बाया मागे लोटल्या, तिच्या त्या खणखणीत आवाजात, "फिरा वो, फिरा, भाऊ तिकडून बलावून राह्यला!" बाया फिरल्या. काकाजी पूर्वेच्या दारातून एकेकीला ओढून बाहेर फेकत होते, हाताची कातडी भाजून सोलून निघाली तरी. जी मागे होती ती आधी बाहेर आली. जी सगळ्यांत पुढे होती तिची पाळी शेवटी होती. तेवढ्यात गंजी ढासळली.

जमनीबाई आली नाही. बाकीच्या आल्या. काही भाजलेल्या, काही नुसत्या थिजलेल्या. कडुनिंबाखाली बसल्या तेव्हा बऱ्याच जणींच्या हातात गिलास तसेच होते.

पुढे जे झालं ते आगीहून वाईट. ठेकेदार म्हणाला, भोंगा चहाचा समजून बाई चहाला निघाली होती, म्हणजे त्या वेळी ती कामावर नव्हती. हजेरी माझ्याकडे होती. मी सगळ्यांपुढे म्हटलं, चहाची वेळ झालीच नव्हती, ती कामावरच होती. मला म्हणाले, पोरी, तू यात पडू नकोस. तांड्यावरून तिचा नवरा आला, दोन दिवस फाटकाबाहेर बसला आणि गेला.

मग तपासणीचे लोक आले. त्यांनी भोंगा वाजवून बघितला. वाजला. दिवे लावून बघितले. लागले. बॅटऱ्या भरलेल्या, तारा नीट, काचेच्या डब्या जागेवर. सगळी यंत्रणा उत्तम स्थितीत होती, असा शेरा पडला, आणि त्या शेऱ्याच्या जोरावर शेठचा विमा विनातक्रार पास झाला. लक्षात येतंय का? काकाजींनी इतकी वर्षं बांबूला धोतर गुंडाळून जे पुसलं, त्याने शेठचा कापूस वाचला. जळालेलासुद्धा वाचला. बाई तेवढी गेली.

शेठने काकाजींचा सत्कार ठेवला. ऑफिसात खुर्च्या मांडल्या, शाल, नारळ, पेढे. काकाजींचे दोन्ही हात पट्ट्यांत, त्यामुळे नारळ मुनीमजींनी त्यांच्या मांडीवर ठेवला. मॅनेजर बोलायला उभा राहिला. "मुनेश्वरांचा भोंगा वेळेवर वाजला, म्हणून एवढे जीव वाचले."

काकाजी बसल्या जागेवरून म्हणाले, "वाजला, साहेब. साऱ्याइनं ऐकलाबी. तेच तं झालं."

मग शेठने पेढे वाटायला सांगितलं. काकाजींनी घेतला नाही. चहाही घेतला नाही. त्यानंतर त्यांना चहा पिताना मी कधी बघितलं नाही.

मला वाटलं होतं ते नोकरी सोडतील. सोडली नाही. हात बरे झाल्यावर पावसाळाभर एकटे जळक्या शेडमध्ये नवीन तारा ओढत बसले. मला म्हणाले, "पुढचा सीझन येऊ दे. शेठनं शब्द देला हाये." त्यांच्या तोंडावर हसू होतं.

दिवाळी झाली, सीझन उघडला. नवी शेड, नवे रेचे, नव्या बाया. फाटकाजवळ व्यापाऱ्यांसाठी सिमेंटचे बाक, आणि कडुनिंबाभोवती रंगवलेला पार. टपरी होती तिथेच, पश्चिमेला. पहिल्याच दिवशी मॅनेजर शेडमध्ये येऊन म्हणाला, "मुनेश्वर, चार वाजता भोंगा द्या. चहाचा."

मी हजेरी घ्यायला आत होते. काकाजींनी हातातला बांबू भिंतीला टेकवला. शिडी आणली. चढले. खिशातून पक्कड काढली आणि भोंग्याच्या तारा कापल्या. घाई नाही, राग नाही. तुकडे नीट गुंडाळून खिशात घातले, खाली उतरले आणि नव्या बायांना म्हणाले, "बायाहो, इथं भोंगा नाई. डोळे उघडे ठेवा. धूर दिसला का तिकडून पळा." आणि पूर्वेकडे हात केला.

मॅनेजर लालबुंद. "हे काय करून राह्यले तुम्ही?"

"जो भोंगा चहाले वाजते, तो आगीले मुका असते, साहेब. मुकाच हाये तं मुका दिसू द्या."

त्यांना त्याच दिवशी काढलं. कारण काय दिलं माहीत आहे? सुरक्षा यंत्रणेशी छेडछाड. दुसऱ्या दिवशी यवतमाळहून कुणी आला, तारा जोडून गेला, आणि चार वाजता भोंगा वाजला. लांब, सुरेल. बायांनी गिलास काढले. मी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. कुणाला काही फरक पडला नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर काकाजी कुठे कुठे कामाला होते असं ऐकत होते. वणीकडे एका दवाखान्यात होते, तिथे टिकले नाहीत. एका शाळेत होते, तिथेही भांडले. भेट झाली ती थेट बऱ्याच वर्षांनी, माझ्या भाचीच्या लग्नात, बाभुळगावच्याच एका मंगल कार्यालयात. हॉल गच्च भरलेला, मंगलाष्टकं सुरू व्हायची होती. मागच्या कोपऱ्यात खुर्च्यांची चळत होती, आणि एक म्हातारा ती एकेक खुर्ची उचलून बाजूला लावत होता. लोकांना वाटलं मंडपवाल्याचा माणूस. कुणीतरी त्यांना म्हणालंसुद्धा, "ओ काका, जरा पाणी आना इकडे." टक्कल तेच, हातांवरची भाजलेली कातडी चुण्या पडलेली, गुळगुळीत. मी ओळखलं. खुर्च्यांच्या मागे दार होतं.

"काकाजी," मी पाया पडले.

त्यांनी बघितलं. ओळखलं की नाही, कोण जाणे. म्हणाले, "चहा कोन्या बाजूले ठेवला?"

चहाचं टेबल आत होतं, स्टेजच्या कडेला, जिथून बाहेर पडायला वाटच नव्हती. मी बोट दाखवलं. ते तडक तिकडे गेले, आचाऱ्याशी हुज्जत घालू लागले. "टेबल त्या दारापाशी घे. लोक चहाकडेच पळते, बाप्पा. लोकाइले दार दिसत नाई, चहा दिसते."

आचारी वैतागला होता, पण पाहुणा असेल म्हणून हात जोडून म्हणाला, "हो ना काकाजी, पुढच्या लग्नात पक्कं."

काकाजींनी ऐकलं. मग वाकून त्यांनी स्वतःच टेबलाचं एक टोक धरलं आणि ओढायला लागले. वर चहाचा भरलेला पिंप, टेबल काही हलेना. लोक बघून हसायला लागले. मी पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं. माझी जाऊ डोळे वटारत होती, वटारू दे. चहा हिंदकळून माझ्या शालूवर सांडला, आचारी ओरडला, पण आम्ही ते टेबल हॉलच्या त्या टोकापर्यंत नेलं, दारापाशी.

काकाजींनी कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि दाराला हात लावला. मग खांदा लावला. दार जरासं आत-बाहेर झालं आणि थांबलं. बाहेरून कुलूप होतं.

"किल्ली कोनापाशी हाये?" त्यांनी मला विचारलं.

मी ऑफिसात विचारून आले. किल्ली मालकाकडे होती, आणि मालक यवतमाळला गेला होता. परत आले तेव्हा मंगलाष्टकं संपत आली होती, लोक अक्षता टाकत होते, आणि काकाजी त्या बंद दाराला पाठ लावून, चहाच्या टेबलामागे उभे होते. लोक रांग लावून त्यांच्याकडे गिलास मागत होते.